उशिराचं दप्तर

"मॅडम, प्रोजेक्ट पूर्ण झालाय. फक्त लिहायचा राहिलाय."

एस.वाय.च्या एका मुलाने सकाळच्या तासाला मला हे सांगितलं, आणि मी त्याला वर्गासमोर उभं करून चांगलं फैलावर घेतलं. शिस्त, वेळेची किंमत, आईवडिलांचे कष्ट, स्पर्धेचं युग असं सगळं झालं. बोलता बोलता मी इतकी रंगात आले की मागच्या बाकावरची दोन मुलं जागी झाली. पोरगा मान खाली घालून ऐकत होता. शेवटी "पुढच्या आठवड्यात नक्की देतो" म्हणाला आणि बसला.

त्याच दिवशी दुपारी मी विद्यापीठात माझ्या गाईडसमोर उभी होते. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय गं, तिसऱ्या प्रकरणाचं काय झालं?"

"सर, प्रकरण पूर्ण झालंय. फक्त लिहायचं राहिलंय."

वाक्य तोंडातून आपसूक बाहेर पडलं. 'प्रोजेक्ट'चं 'प्रकरण' झाल्यामुळे पुल्लिंगाचं नपुंसकलिंग करावं लागलं, तेवढंच माझं योगदान. बाकी मजकूर जसाच्या तसा. वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीचे २०१८चे नियम आहेत. प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. माझं साम्य त्या दिवशी नव्वदच्या आसपास असावं. नशीब, सबबी तपासायचं सॉफ्टवेअर अजून कुणी काढलेलं नाही.

"पुढच्या आठवड्यात नक्की देते," असंही मी म्हणाले. म्हणजे नव्याण्णव टक्के.

मी पुण्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करते. घरच्यांच्या मते मी पीएच.डी. करते आणि उरलेल्या वेळात शिकवते. खरं तर मी दोन्हीकडे उरलेल्या वेळातच असते. मुख्य वेळ कुठे जातो हे शोधायला वेगळी पीएच.डी. करावी लागेल. सकाळी मी 'मॅडम' असते, दुपारी 'काय गं' असते, आणि मधल्या प्रवासात स्कूटरवर 'ओ ताई, इंडिकेटर!' असते. एकाच दिवसात माझी इतकी पदोन्नती आणि पदावनती होते की घरी आल्यावर आईने "हात धुतलेस का?" असं विचारलं, तर उत्तर अधिकारवाणीने द्यायचं की चाचरत, हे चटकन ठरत नाही.

विषय म्हणाल तर पेशवाईतली पत्रांची ने-आण. जासूद, काशीद, सांडणीस्वार ही मंडळी माझ्या प्रबंधाचे नायक. पत्र निघालं कधी, पोचलं कधी, मधे कुठे अडकलं, हे मी शोधते. थोडक्यात, दुसऱ्यांच्या उशिराचा अभ्यास करता करता मला स्वतःला उशीर होतो आहे. नातेवाइकांना हे समजावून सांगायचा नाद मी सोडलाय. एका काकांना अगदी मनापासून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पोस्टात लागणार का?"

आणि हे काका वाईट नाहीत. किमान ते 'अजून किती वर्षं?' असं विचारत नाहीत. बाकीचे सगळे विचारतात. त्यांना मी नियम सांगते. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, मग पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन. म्हणजे दहा वर्षांची सोय सरकारनेच करून ठेवली आहे. बायकांच्या सबबी पुरुषांपेक्षा दोन वर्षांनी जास्त टिकाऊ असतात, हे दिल्लीत कुणाच्या तरी लक्षात आलं असणार. माझ्या बरोबरचा एक संशोधक यावर फार चिडतो. त्याचं आठवं वर्ष चालू आहे.

एवढी वर्षं काढायची म्हटल्यावर विषय छंदांवर येतोच.

पीएच.डी. करणाऱ्या माणसाला छंद हवा, असं सगळे सांगतात. मन ताजं राहतं म्हणे. मी पाहिलं, की मला छंद लावून घ्यावा लागत नाही. जे काम त्या दिवशी करायचं नसतं, ते आपोआप छंद होतं. पेपर तपासायचे असतात तेव्हा मला मोडी लिपी विलक्षण गोड वाटते. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला लटकवत, हात न उचलता अक्षरं लिहीत जायची, यात मला संगीत ऐकू येतं. पण सरांना मोडीचं लिप्यंतर द्यायचं असलं, की तीच मोडी दोन शब्दांत अंतर न सोडणारी, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करणारी एक खवट कारकुनी खोड वाटायला लागते, आणि मला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा खुणावतो. त्याही तशाच असतात म्हणा. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्ह नाही. फरक एवढाच, की अठराव्या शतकातल्या कारकुनाला काय म्हणायचं होतं ते शेवटी कळतं.

मधे मी बोरूने लिहायला शिकायचं ठरवलं. संशोधनाला मदत होईल, हे कारण. बोरू आणले, चाकूने तासले, शाई केली. त्या शाईने माझा एक कुर्ता, आजीचा पाट आणि शेजारच्यांचं मांजर एवढं संशोधनाच्या कामी आलं. आईने पाट घासता घासता विचारलं, "हे पीएच.डी.त धरतात का?" धरत नाहीत. मी विचारून आले होते.

मग सिंहगड. पुण्यात राहून रविवारी सिंहगडावर न जाणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. एका शनिवारी मी सरांना फोन करून ताप आल्याचं सांगितलं आणि रविवारी पहाटे गड चढले. वर पोचून देवटाक्याचं पाणी प्यायले, पिठलं-भाकरी मागवली, मडक्यातलं दही घेतलं, आणि वळते तो काय, पुढच्याच चटईवर सर. हातात कांदाभज्यांची बशी. त्यांनी विभागात 'परगावी आहे' असं कळवलं होतं, हे मला ठाऊक होतं. कारण त्यांच्या वतीने ते पत्र मीच टाइप केलं होतं.

बराच वेळ आम्ही दोघं तानाजीच्या समाधीच्या दिशेने बघत राहिलो.

"आता बरं वाटतंय?" सरांनी विचारलं.

"हो सर. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत जा."

"चांगले डॉक्टर आहेत." त्यांनी एक भजं उचललं, ठेवलं. "मी इथे नाहीये, बरं का."

"मीही नाहीये, सर."

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. संशोधक आणि मार्गदर्शक यांच्यात असा विश्वासाचा क्षण क्वचित येतो. सोमवारी विभागात त्यांनी माझ्या तापाची चौकशी केली, मी त्यांच्या प्रवासाची केली.

त्या दिवशी मला माझा खरा छंद सापडला. लोक नाणी जमवतात, काड्यापेट्यांची वेष्टनं जमवतात. मी सबबी जमवते. त्यासाठी एक जाड वही केली आहे, दप्तरी पद्धतीने तारीख, व्यक्ती, विषय आणि शेरा असे रकाने आखून. प्रबंधाची टिपणं सुट्या कागदांवर आहेत, ही वही मात्र नीट शिवलेली आहे.

कॉलेजात हा छंद करायला भांडवल लागत नाही. सबमिशनचा आठवडा आला की माल आपल्या पायांनी चालत येतो. तांत्रिक विभाग सगळ्यात संपन्न. पेनड्राइव्ह करप्ट होतो, लॅपटॉप भावाने नेलेला असतो, फाइल 'पाठवली होती, तुमच्याकडे उघडत नसेल'. एकीने तर कोरी पीडीएफ पाठवली आणि वर मलाच विचारलं, "मॅडम, फॉन्ट दिसत नाहीये का?" गावी रेंज नव्हती म्हणणाऱ्याच्या स्टेटसवर त्याच गावातल्या हळदीच्या नाचाचे व्हिडिओ ओळीने चढलेले असतात. मी ते दाखवले, तर तो म्हणाला, "मॅडम, तेवढं टेकडीवर जाऊन टाकलं." मान्य करावं लागलं, छंदासाठी माणूस टेकडी चढतो, हे मी जाणते.

कौटुंबिक विभागात आजी मोठ्या संख्येने दगावतात. एका मुलाची आजी पहिल्या सत्रात गेली आणि दुसऱ्या सत्रातही गेली. मी वही काढून तारखा दाखवल्या. तो जरासुद्धा गडबडला नाही. "पहिली वडिलांची आई, दुसरी आईची." बरोबरच होतं. मी शरमून मुदत दिली. तिसऱ्या सत्रात तो आला तेव्हा मी उत्सुकतेने सरसावून बसले, पण या खेपेला त्याने म्हैस आणली होती. ती आजारी होती. शेरा: मूळ पुरवठा संपल्याचे दिसते.

यंदापासून एक नवा विभाग उघडावा लागला. एका प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर, शीर्षकाच्याही वर, 'नक्कीच! खाली तुम्हाला हवा असलेला निबंध सोप्या भाषेत दिला आहे' अशी ओळ होती. मुलाला बोलावलं. त्याने ती वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाला, "मॅडम, ती प्रस्तावना आहे."

सगळ्यात दुर्मिळ नग मात्र एका शांत, सावळ्या मुलाकडून मिळाला. का दिलं नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, कंटाळा आला." नुसतं एवढंच. पुढे आजी नाही, म्हैस नाही, रेंज नाही. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. याला काय उत्तर द्यायचं ते आमच्या प्रशिक्षणात कुणी शिकवलेलं नाही. शेवटी "असं कसं कंटाळा येतो?" असं म्हणून मी त्यालाही मुदत दिली, आणि स्टाफरूममध्ये जाऊन ही नोंद लाल शाईने केली.

या नोंदी पुढे माझ्या कामी येतात, हे सांगायला नकोच. सकाळी सबब ऐकायची, दुपारी जरा इस्त्री करून सरांपुढे ठेवायची. 'पेनड्राइव्ह करप्ट झाला' हे 'बॅकअपचा काही प्रश्न झालाय सर' असं होतं. 'गावी रेंज नव्हती' याचं 'क्षेत्रभेटीवर होते' होतं. आजीला मी हात लावत नाही. माझी आजी धडधाकट आहे आणि सरांना दिवाळीला चकल्या पाठवते.

सरांची पद्धत अशी, की ते रागवत नाहीत, थोरांची नावं घेतात. "रियासतकार सरदेसाई," ते छताकडे बघत म्हणतात, "पेशवे दप्तरातले निवडक कागद, पंचेचाळीस खंड, १९३० ते ३४. किती?"

"पंचेचाळीस, सर."

"आणि तुझी पानं किती?"

मी पानं सांगत नाही, कारण ती ऐकली तर सर आणखी मागे जातील. ते जातातच. "वासुदेवशास्त्री खरे! मिरजेला शाळेत शिकवायचे. शिकवून उरलेल्या वेळात पटवर्धनी दप्तर वाचलं माणसाने. खंडच्या खंड काढले." खरेशास्त्र्यांना नॅकचं मूल्यांकन नव्हतं, असं माझ्या ओठांवर येतं. कार्यक्रम झाल्याचा पुरावा म्हणून अक्षांश-रेखांशासकट फोटो काढत त्यांना मिरजेच्या आवारात पळावं लागत नव्हतं. आमच्याकडे वृक्षारोपणाचा फोटो जिओटॅगशिवाय निघाला, म्हणून तेच रोप उपटून पुन्हा लावलं. राजवाड्यांचं नाव निघालं की मात्र मी खरोखर गप्प होते. गावोगाव पायपीट करून, अडगळीतले रुमाल सोडवून कागद मिळवणारा तो माणूस; त्यांचं नुसतं नाव काढलं तरी मला माझ्या स्कूटरची लाज वाटते. एकदाच मनात आलं, राजवाड्यांना गाईड नव्हता. पण ते मी वहीतही लिहिलं नाही.

सर इतरांच्या उशिरावर असे बोलत असले तरी माझं दुसरं प्रकरण गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्याकडे आहे. अधूनमधून मी विचारते.

"वाचतोय," सर म्हणतात. "सावकाश वाचतोय. वरवर वाचण्यासारखं नाहीये ते."

याचा मला आधी अभिमान वाटायचा. मग एक दिवस त्यांच्या टेबलावर चहाचा कप ज्यावर टेकवला होता, तो कागद ओळखीचा वाटला. पुढच्या भेटीत ते म्हणाले, "प्रिंट जरा फिकट आहे गं. डोळ्यांना त्रास होतो." मी गडद प्रिंट दिली. त्यानंतर "अगं, स्पायरल उलट्या बाजूने केलंयस, पानं उलटत नाहीत." मी दुसरीकडून बांधून आणलं. त्यानंतर त्यांचा चष्माच बदलायचा होता. घरी येऊन वही उघडली आणि लक्षात आलं, की हा गृहस्थ माझ्या एस.वाय.च्या वर्गात असता तर सहज पहिला आला असता.

त्यांच्याही वर मंडळी आहेतच. कॉलेजच्या ऑफिसात माझ्या मानधनाची चौकशी केली, की खिडकीतून मान न वळवता उत्तर येतं, "बिल पुढे गेलंय."

"पुढे म्हणजे कुठे?"

"पुढे."

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ला झाली. ती बातमी एका सावकाराच्या पत्रातून भेलशाला नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली, ती दहाएक दिवसांत. मधे शेकडो मैल, कडाक्याची थंडी आणि शत्रूचा मुलूख. आमच्या विभागाची सूचना दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर येते, तोवर तिच्यातली तारीख उलटून गेलेली असते. जासूद तरी जोडीने धावायचे. आमच्याकडे एकच शिपाईमामा आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात.

जुन्या पत्रांमध्ये मला ही सगळी माणसं भेटतात. नदीला पूर आला, जनावर थकलं, प्रकृती बरी नव्हती, पैका अजून हाती आला नाही. बाजीरावांसारख्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींपाशी सावकारांच्या तगाद्याचं रडगाणं गायलं आहे. तिथे एक सोय अशी, की पत्रावर सुहूर सन असतो. त्यात पाचशे नव्व्याण्णव किंवा सहाशे मिळवले की इसवी सन हाती येतो. माझ्या 'पुढच्या आठवड्यात' किती मिळवले की खरी तारीख निघेल, हे गणित सरांना अजून सुटलेलं नाही. आणि 'बहुत काय लिहिणे' असं म्हणून पत्र संपवता येतं, हे तर मला फारच आवडतं. एका प्रकरणाच्या शेवटी तसा प्रयोग केला होता. सरांनी तेवढं एक वाक्य मात्र वाचलं, आणि लाल रेघ मारली.

या सत्रात मी ठरवलं, की कडक व्हायचं. प्रोजेक्टची शेवटची तारीख जाहीर केली. मग अंतिम तारीख जाहीर केली. मग ग्रुपवर 'अगदी अंतिम' असं ठळक अक्षरांत टाकलं. मुलं निवांत होती. 'यापुढे स्वीकारले जाणार नाही' ही पायरी अजून बाकी आहे, हे त्यांना मागच्या बॅचने सांगून ठेवलं होतं. तीही ओलांडली. उद्या गुण पोर्टलवर भरायचा शेवटचा दिवस, आणि टेबलावर एक प्रोजेक्ट. एकच.

रात्री मी पोर्टल उघडलं. ते चक्र फिरवत बसलं. बहुधा सगळ्या प्राध्यापकांना शेवटच्याच रात्री आपल्या कर्तव्याची आठवण झाली होती. स्टाफच्या ग्रुपवर 'चालतंय का कुणाचं?', 'माझं नाही', 'मला वाटलं माझंच नाही' असे आनंदी संदेश येऊ लागले. उत्तररात्री परिपत्रक आलं: तांत्रिक अडचणीमुळे मुदत वाढवण्यात येत आहे. मी ती नोंद वहीत घेतली. तांत्रिक विभाग, पेनड्राइव्हच्या खाली.

ग्रुपवर मुदतवाढ कळवली, तर त्या अवेळीही सगळे जागे निघाले. टाळ्या, बदाम, नाचणारी बाई. ज्याचा फक्त लिहायचा राहिला होता, त्याने 'मॅडम तुम्ही देव आहात' असं लिहिलं. सकाळी सरांचा फोन. "ऐकलंस ना? आपले प्रगती अहवालही पुढे गेलेत. आता मी तुझं प्रकरण निवांत वाचतो."

"आणि मी पुढचं निवांत लिहिते, सर."

इतका गोड संवाद आमच्यात सिंहगडानंतर झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी टेबलापाशी आली. तो एकुलता एक प्रोजेक्ट तिचा. पहिल्या तारखेला दिलेला, स्पायरल बरोबर बाजूने केलेलं, संदर्भ नीट, हाताने काढलेला नकाशा.

"मॅडम, वेळेवर दिल्याचे मार्क असतात का?"

मी गुणांचा तक्ता काढला. विषयाची निवड, संदर्भ, मांडणी, तोंडी. पुन्हा वरून खाली पाहिलं. "नसतात गं."

"आणि उशिरा दिला तर कापतात?"

"आता मुदतच वाढली ना. म्हणजे उशीर कुणाचा झालाच नाही."

ती थोडा विचार करत उभी राहिली. "म्हणजे माझाच लवकर झाला."

"तसं म्हणता येईल."

तिने पिशवीतून छोटी डायरी काढली, उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"काय लिहितेस?"

"काही नाही मॅडम," ती म्हणाली. "पुढच्या सेमिस्टरचं आहे."